बटणीनं धरलेली बाही

"…आणि त्या टाकीत जो उतरतो ना, त्याला तो खालून—"

एवढंच कानावर आलं. शिवणताई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचली आणि वरचं बोलणं कात्रीनं दोरा तोडावा तसं तुटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या, शेजारी त्यांची जाऊ. दोघींनी एकदम तोंडं मिटली.

"काय हो काकू, कोण खालून?" शिवणताईनं विचारलं.

"कुठं काय. पाण्याचं चाललं होतं आपलं." काकूंनी हात पुढे केला. "झाली का ह्यांची पँट? कमरेत सैल केलीत ना? पोट काही ऐकत नाही हो त्यांचं. तुम्ही कापड सोडता तेवढं ते भरून काढतं."

एरवी शिवणताई अशी अर्धी बातमी सोडून जाणारी बाई नव्हे. पायरीवर बसून, पाणी मागून, गुडघे चोळत तिनं उरलेली बातमी काढूनच घेतली असती. पण त्या दिवशी तिचे पाय आपणहून खाली वळले. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टाकीत उतरणार होता तो तिचा धाकटा भाऊ.

टाकी इमारतीच्या मागच्या अंगणात होती. जमिनीखालची, जुनी, आठ वर्षं सिमेंटचं झाकण लावून बंद ठेवलेली. का बंद ठेवली होती हे शिवणताईला ठाऊक नव्हतं. ती तळमजल्यावर, मागच्या अंगणालगतच्या खोलीत राहायला येऊन दोनच वर्षं झाली होती. नवी टाकी पुरेना, तेव्हा कमिटीनं जुनी साफ करून घ्यायचं ठरवलं. त्या बैठकीत हिनंच हात वर करून सांगितलं होतं, "माझा भाऊ करतो की हे काम. टाक्या साफ करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही." आईमागे तिनंच त्याला वाढवलं. शाळेत चिकटला नाही, पण कामाला वाघ. लोक त्याला टाकीवालाच म्हणत. आता मात्र तिचं ते बैठकीतलं वाक्य मासळीच्या काट्यासारखं तिच्याच घशात अडकलं.

संध्याकाळी तिनं फाटकाशी जाऊन वॉचमनबाबांना विचारलं. म्हातारा बारा वर्षं त्या फाटकावर होता. त्यानं मान वर केली नाही. कुलूप पुसत राहिला.

"उद्याच उतरायला हवं का?" एवढंच म्हणाला.

"म्हणजे काय बाबा?"

"काही नाही. कमिटीची माणसं मोठी. जागा भाड्यानं जात नाहीत म्हणतात असलं काही बोललं की… मी पगारी माणूस."

रात्री जेवताना तिनं भावाला सांगितलं. तो हसला. "ताई, भूत असेल तर बरंच आहे. त्याच्या हातात एक झाडू देतो. गाळ दोघांत लवकर निघेल."

"थट्टा नको."

"बरं, नाही करत. आत दिवा सोडल्याशिवाय उतरत नाही मी, माहीत आहे ना तुला? ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या उस्तादांनी शिकवलंय. दिवा विझला तर घरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता पाणी बंद केलं. सुट्टीचा दिवस. जेवून सगळी इमारत आडवी झालेली. एरवी मागच्या अंगणात पंपाची घरघर असते, कुणाच्या तरी नळाची धार असते. त्या दोन्ही थांबल्या तेव्हा कळलं की ही इमारत किती गप्प असू शकते. ऊन भिंतीवरून सरकत नव्हतं. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. कुठे तरी तिसऱ्या मजल्यावर एक पंखा कुरकुरत होता, तोही मग थांबला.

टाकीवाला होता, शिवणताई होती, आणि देखरेखीला पहिल्या मजल्यावरचे मास्तर होते. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, कमिटीचे अध्यक्ष. सत्तरी ओलांडलेली, पोटाचं ऑपरेशन झालेलं, पण खुर्ची टाकून असे बसले की जणू टाकीचीच परीक्षा घ्यायचीय.

पहारीनं झाकण सरकलं. आतून एक गार, जड श्वास सुटावा तसं काही तरी वर आलं आणि सडक्या अंड्यांचा वास अंगणभर झाला. मास्तरांनी नाकाला रुमाल लावला. शिवणताईनं पदर. टाकीवाला मात्र गुडघ्यांवर बसून त्या काळ्या चौकोनाशी नाक नेऊन पुन्हा पुन्हा हुंगत राहिला. त्याच्या धंद्यात नाक हेच हत्यार.

"थोडी हवा खेळू दे," तो म्हणाला. पंधरा मिनिटांनी पुन्हा वाकला, पुन्हा हुंगलं. "गेला बघा वास. स्वच्छ."

मास्तरही वाकले. दोनदा जोरानं हुंगलं. "गेला खरा. मघाशी होता, आता नाही."

तेव्हाच शिवणयंत्राखालून बटणी उठून आली.

बटणी म्हणजे शिवणताईची कुत्री. पिल्लू असताना चिंध्यांच्या गाठोड्यात येऊन झोपली ती तिथलीच झाली. डोळे शर्टाच्या काळ्या बटणांसारखे, म्हणून बटणी. रंग फडक्याचा, जात कुठलीच नाही, आणि भुंकण्याचा इतका आळस की पोस्टमन तिला ओलांडून जायचा. सगळी इमारत तिला बिनकामाची म्हणे.

ती टाकीपासून चार हातांवर थांबली. नाक किंचित वर उचललं. आपण वास घेतो म्हणजे काय करतो? आला तर हो म्हणतो, गेला तर नाही म्हणतो. ती मात्र उभ्या जागी काही तरी वाचत होती. नाकपुड्या शिवणयंत्राच्या सुईसारख्या भराभर हलत होत्या, थांबत होत्या, पुन्हा त्याच ओळीवर जात होत्या. मानेपासून शेपटीपर्यंत केसांची एक रेघ उभी राहिली. भुंकली नाही. संथपणे चालत गेली आणि टाकीवाल्यानं गुंडाळून ठेवलेल्या दोरावर अंग टाकून बसली.

"ए बाई, ऊठ. ऊठ ना. उशी नाहीय ती."

त्यानं तिला उचललं. तिनं अंग सैल सोडलं, ओल्या गादीसारखी जड झाली. बाजूला ठेवली तर पुन्हा येऊन दोरावर. पुन्हा उचलली. पुन्हा आली. डोळ्यांत राग नाही की भीती नाही. लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घेताना मोठं माणूस जसं शांत असतं, तशी शांत होती.

"तिचं काही तरी बिनसलंय," शिवणताई म्हणाली. "जरा थांब ना रे. उद्या बघू."

"ताई, उद्या पुन्हा पाणी बंद करू देतील का? चोवीस बिऱ्हाडं आहेत."

मास्तरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "बाई, कुत्र्याला काय वाटतं ते कुत्र्याला सांगता येत नाही. आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते धरून माणसानं चालायचं नसतं. दिवा सोड रे."

टाकीवाल्यानं बटणीखालून दोर ओढून घेतला, पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावली आणि डबा दोरानं खाली सोडला. तिघंही वाकून बघत होते. खाली पाणी नव्हतं. काळा, चकचकीत गाळ होता, आणि त्यात ती ज्योत दुसरी होऊन दिसत होती. मास्तर मोठ्यानं आकडे मोजत होते. शंभरपर्यंत मोजले. ज्योत जराही हलली नाही.

"दिवा जळतोय, म्हणजे हवा आहे," मास्तर म्हणाले. "हवा आहे, म्हणजे माणूस जगतो. झालं सिद्ध."

शिवणताई टाकीपासून मागे सरली. तिनं एक चिंधी बटणीच्या गळ्यात बांधली आणि दुसरं टोक आपल्या खिडकीच्या गजाला. बटणीनं बांधून घेतलं. फक्त एकदा तिच्या मनगटाला नाक लावलं. नाक गार होतं, आणि थरथरत होतं.

मग ते घडलं, ज्याबद्दल शिवणताई पुढे कुणाशी फारसं बोलली नाही.

बटणीचे दोन्ही कान एकदम टाकीकडे वळले. कुणी नाव घेऊन हाक मारावी तसे. शिवणताईनंही कान दिला. श्वास रोखून दिला. तिला ऐकू आलं ते एवढंच: स्वतःच्या कानातली सूं, मास्तरांची खुर्ची करकरली ती, आणि भावाच्या बुटाखालची वाळू. बाकी काही नाही. पण बटणी ऐकत होती. मान एका बाजूला कलती करून, मधे मधे दुसऱ्या बाजूला, कुणी काही समजावून सांगत असावं तशी. आणि मग, पाठीवरचे केस तसेच उभे असताना, तिची शेपटी हलली. दोनदा. हळू. ओळखीच्या माणसासाठी हलते तशी.

टाकीच्या त्या बाजूला कोणीच नव्हतं.

"ऐक रे…" शिवणताई म्हणाली. पण तिला पुढे काय सांगायचं ते कळेना. कुत्रीनं शेपूट हलवली म्हणून उतरू नकोस, असं कसं सांगणार?

"आलोच," तो म्हणाला आणि लोखंडी पायऱ्यांवर पाय ठेवून आत गेला. गुडघे दिसेनासे झाले. कंबर. मग छाती. हात फक्त टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या कडीवर.

"गार आहे गं आत," त्याचा आवाज आला. घशातून आल्यासारखा, पोकळ. मग थोडा वेळ काही नाही. मग, "ताई… इथं… पाय…"

कडीवरची बोटं एक एक करून सुटली.

मागे कापड टर्रकन फाटल्याचा आवाज झाला. शिवणताई वळेपर्यंत एक मळकट पट्टा तिच्या अंगावरून गेला. बटणीनं उडी मारली नाही. ती जमिनीवर आडवी घसरत गेली आणि टाकीच्या तोंडात मान घालून तिनं त्याची बाही धरली. खांद्याजवळ. बाही अंगाला जोडतात त्या मुंढ्याच्या खाली. चारही पाय सिमेंटच्या काठाला रोवलेले, नखं घासताहेत, आणि तोंड पक्कं मिटलेलं असून नाक मात्र तिनं बाहेरच्या हवेकडे वळवून धरलेलं. कुठल्या बाजूनं श्वास घ्यायचा हे त्या मुक्या जनावराला कुणी शिकवलं होतं?

तो शर्ट जाड कापडाचा होता, मुंढ्याला दुहेरी शिलाई. शिवणताईनंच घातलेली. त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलं नाही. फक्त वाटलं, टिकू दे. माझा दोरा टिकू दे.

ती पोटावर पडली. त्याची कॉलर हाताला लागली. मास्तरांनी तिच्या मागून हात घातला. फाटकाकडून वॉचमनबाबा धावत आले, चपला टाकून, आणि येतानाच ओरडत होते, "तोंड आत घालू नका, श्वास धरा, श्वास धरा." तिघांनी ओढलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही, झाडाचं खोड ओढावं तसं. दुसऱ्यांदा तो वर आला. इतका सहज आला की मास्तर मागे कोलमडून खुर्चीवर आदळले.

ओठ निळे. डोळे अर्धे उघडे. बटणीनं बाही सोडली नव्हती. वॉचमनबाबांनी तिचा जबडा दोन्ही हातांनी सोडवला तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

बंबवाले आले, दवाखान्याची गाडी आली. बंबवाल्यांतल्या एकानं मुठीएवढं यंत्र दोरीला बांधून टाकीच्या तोंडाशी नेलं, तसं ते किंचाळायलाच लागलं. "कुठल्या तरी गटाराची गळती आत येतेय," तो म्हणाला. "गाळ सडलाय. हा वायू जड असतो, तळाशी बसतो."

"पण वास गेला होता," मास्तर म्हणाले. "मी स्वतः घेतला."

"वास गेला नव्हता आजोबा. तुमचं नाक गेलं होतं. पहिल्यांदा येतो वास, मग हा वायू नाकच बधिर करतो. माणसाला वाटतं हवा स्वच्छ झाली."

"आणि दिवा? दिवा जळत होता."

"दिव्याला काय त्याचं. त्याला जळायला हवा पुरते. विष आहे की नाही ते दिवा सांगत नाही." त्यानं बटणीकडे बघितलं. "दोन मिनिटं अजून, एवढंच होतं. हिला भाकरी घाला रोज."

मास्तर घरी गेले, आणि थोड्या वेळानं स्वतःच्या ताटातलं मटण वाटीत घालून खाली घेऊन आले. वाकता येत नव्हतं तरी वाकले आणि वाटी बटणीपुढे ठेवली. "खा बाई," म्हणाले. "चाळीस वर्षं मुलांना सिद्धता शिकवली मी. तुझी वाचायला शिकलो नाही."

दवाखान्यात भावाच्या तोंडावर नळी होती, पण छाती वरखाली होत होती. डॉक्टर म्हणाले धोका टळला. बाहेरच्या बाकावर शिवणताई बसली, शेजारी वॉचमनबाबा. तेव्हा कुठे तिनं विचारलं.

"बाबा, काकू काय सांगत होत्या? जो उतरतो त्याला तो खालून… काय?"

म्हाताऱ्यानं बराच वेळ टोपी हातात फिरवली.

"पाय धरून ओढतो, असं म्हणतात. आठ वर्षांपूर्वी एकजण मेला त्या टाकीत, त्याला सोबत हवी म्हणून ओढतो. असलं लोक बोलतात." त्यानं टोपी मांडीवर ठेवली. "मेला हे खरं. मी होतो तिथं. दोघं भाऊ आले होते साफ करायला. आधी धाकटा उतरला आणि पडला. थोरला मागून गेला. त्यानं धाकट्याला खांद्यावर घेतलं आणि पायांच्या तळव्यांखाली हात लावून वर ढकललं. मी वरून धरला. धाकटा वाचला, आजही आहे कुठे तरी. थोरला… मी पुन्हा हात खाली घातला, तेव्हा धरायला काही नव्हतं." मग म्हणाला, "ओढणारा माणूस नव्हता तो, बाई. तेवढं मात्र लोक खोटं सांगतात."

शिवणताईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी भावाची नळी काढली. आवाज घोगरा होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. वायूचं, बाहीचं, मास्तरांच्या मटणाचं. तो हसला. मग छताकडे बघत म्हणाला, "वर कोण कोण होतं?"

"मी, मास्तर, बाबा. आणि बटणी."

"आणि खाली?"

"खाली कोण असणार?"

तो चादरीखाली पाय जवळ घेत म्हणाला, "नाही, काही नाही. बुटांना खालून आधार होता. मला वाटलं, पायरी असेल."

पायऱ्या भिंतीत होत्या. तो लोंबकळत होता मधोमध. शिवणताईनं ते त्याला सांगितलं नाही.

मास्तरांनी मात्र त्या आठवड्यात एक वही काढली. भावाचं वजन, कपड्यांचं नि बुटांचं वजन, एका शिंपिणीचं बळ, ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याचं, दुसऱ्या म्हाताऱ्याचं, चौदा किलोच्या कुत्रीचं. तीन वेळा गणित मांडलं. मग खाली येऊन शिवणताईला म्हणाले, "भीतीनं माणसाला बळ येतं असं धरलं तरी… थोडं कमी पडतं हो." आणि वही तिच्याच कात्रणांच्या टोपलीत टाकून गेले.

टाकी बुजवली. वाळू, विटा, वर सिमेंट. भाऊ घरी आला, आता तो फक्त गच्चीवरच्या टाक्या घेतो.

बटणी पूर्वीसारखीच आळशी आहे. भुंकत नाही, पोस्टमन ओलांडून जातो. एकच गोष्ट बदलली. तिच्यासाठी यंत्राखाली शिवणताईनं गोणपाट घातलंय, चांगलं रुंद. त्यावर ती नेहमी मधोमध पसरायची. टाकी बुजवली त्या दुपारपासून ती कडेला झोपते, भिंतीला चिकटून, अंग चोरून. दुसरी अर्धी बाजू मोकळी. आणि झोपेत अधूनमधून तिची शेपटी त्या मोकळ्या बाजूवर हळूच आपटते.

एकदा भाऊ बाहेर गेलेला असताना शिवणताई खाली बसली आणि तिनं त्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. काही लागलं नाही. ना ऊब, ना गारवा. नुसतं गोणपाट.

बटणीनं डोळे उघडले, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि हात तिथून उचलेपर्यंत पाहतच राहिली.

तेव्हापासून शिवणताई केर काढते ती गोणपाटाभोवतीनं. उचलत नाही. आणि यंत्राखाली पाय पसरायचा झाला, तर भिंतीकडे, बटणीच्या बाजूला पसरते; मोकळ्या बाजूला नाही.